टॅपेट बोलू द्या

आपल्या लोकांना आवाज न करणाऱ्या वस्तूंचं फार कौतुक. पंखा कसा आहे? आवाज नाही. मिक्सर कसा आहे? आवाज नाही. (हे धादांत खोटं असतं, पण सांगायची पद्धत आहे.) जावई कसा आहे? अहो, तोंडातून ब्र नाही! एकदा 'आवाज नाही' म्हटलं, की पुढची चौकशी संपली. पंखा वारा देतो का, जावई पगार आणतो का, हे प्रश्न मागाहून. या समजुतीनं आजवर किती घरांचं नुकसान केलं ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी आमच्या घरात बसून ते लिहायची माझी छाती नाही. इंजिनांचं मात्र केलंय, आणि त्याबद्दल मी आज भांडायला बसलो आहे.

भांडण टॅपेटबद्दल आहे. ज्यांच्या घरी एके काळी प्रीमियर पद्मिनी होती, त्यांना हा शब्द घरच्यासारखा. कुर्ल्याला जन्मलेल्या त्या गाडीचं बॉनेट रविवारी सकाळी उघडून, कान जरा तिरका करून, 'टॅपेट वाजतायत' एवढं एक वाक्य उच्चारलं, की पुरुषाला वाड्यात मान मिळत असे. पुढे काही करावं लागत नसे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. टॅक्सी गेली, पण वाक्य मागे राहिलं. हल्ली ते थेट अमेरिकेपर्यंत पोचतं.

कसं, ते सांगतो. डेट्रॉइटच्या आसपास मोटारींच्या धंद्यात मराठी इंजिनियर पुष्कळ आहेत. त्यांतला एक माझा मावसभाऊ. दिवसा तो बॅटरीवर चालणाऱ्या, म्हणजे जिला टॅपेटच नाहीत अशा गाडीचं काम करतो. रात्री जेवण झालं, की गॅरेजचा दिवा लावून १९६९ च्या शेव्हरोले कॅमारो झेड-२८ ची सेवा करतो. तिकडे या जातीला 'मसल कार' म्हणतात. मधल्या आकाराच्या साध्या मोटारीत मोठं इंजिन कोंबायचं आणि तिला दंडाच्या बेटकुळ्या दाखवत हिंडू द्यायचं, असा तो १९६४ च्या सुमारास सुरू झालेला प्रकार. झेड-२८ त्यांतली जरा वेगळी. ती १९६७ साली शर्यतीच्या नियमासाठी निघाली. ट्रान्स-अ‍ॅम शर्यतीत इंजिन ३०५ घन इंचांच्या आत हवं होतं, म्हणून कंपनीनं ३०२ घन इंचांचं, म्हणजे जेमतेम ५ लिटरच्या आतलं, आठ सिलिंडरचं इंजिन जुळवलं. कागदावर त्याची ताकद २९० अश्वशक्ती लिहिली. पहिल्या वर्षी अशा गाड्या फक्त ६०२ झाल्या.

माझ्या मावसभावानं दीड वर्ष खपून या इंजिनाचा खिळा न् खिळा सुटा केला, घासला, मोजला आणि परत बांधला. बचत त्यात गेली. सुट्ट्या त्यात गेल्या. मग एका रविवारी त्यानं व्हिडिओ कॉल लावला. इकडे मावशीच्या हॉलमध्ये आम्ही अकरा माणसं पोहे खात बसलेलो. इंजिन सुरू झालं. धडधड आली आणि धडधडीच्या वर एक बारीक, एकसारखी टकटक आली. शंभर टंकलेखक एकाच वेळी कामाला बसावेत तशी.

मावशी म्हणाली, "अरे, काहीतरी सुटलंय बघ आत!"

काका म्हणाले, "टॅपेट वाजतायत. आवळ जरा."

एका वहिनींनी विचारलं, "शेजारी काही म्हणत नाहीत का हो?"

अकरापैकी एकाही माणसानं 'वा, चालू झालं!' म्हटलं नाही. त्या बिचाऱ्याचा चेहरा पडद्यावरच उतरला. रात्री त्यानं मला वेगळा फोन केला. "दादा, पाच-सहा हजारांश आवळून टाकू का? आवाज तरी कमी होईल."

मी 'अजिबात नाही' म्हटलं. का म्हटलं, ते इथे सविस्तर लिहितो, कारण हॉलमध्ये मला कोणी बोलू दिलं नव्हतं.

आधी टॅपेटची भानगड काय ते पाहू. इंजिनाच्या पोटात कॅम नावाचा एक दांडा फिरतो. त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे. उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर दुसऱ्या टोकानं व्हॉल्व्हला खाली दाबतो. व्हॉल्व्ह उघडतो. मॅनेजरचा हुकूम ऑफिसरकडे, ऑफिसरचा हेडक्लार्ककडे आणि शेवटी खिडकी उघडायची ती कारकुनानं, तसंच. उंचवटा पुढे सरकला की स्प्रिंग व्हॉल्व्हला पुन्हा बैठकीवर बसवते, खिडकी बंद. हुकूम नसेल तेव्हा रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये थोडी फट राहते. ती फट म्हणजे टॅपेट क्लिअरन्स. रॉकर रोज फेऱ्यागणिक ही फट ओलांडून व्हॉल्व्हवर टेकतो, त्याची टकटक होते. एवढंच. आत काहीही सुटलेलं नसतं, मावशी.

झेड-२८ च्या कॅमला हौशी लोक 'थर्टी-थर्टी' म्हणतात. १९६४ च्या कॉर्व्हेटमध्ये तो पहिल्यांदा आला. नाव पडलं ते फटीवरून. इंजिन गरम असताना इनलेटला ०.०३० इंच आणि एक्झॉस्टलाही ०.०३० इंच. म्हणजे पाऊण मिलिमीटर. पाऊण मिलिमीटर फट सोळा ठिकाणी असल्यावर ते इंजिन सनई वाजवणार नाही. टकटकच करणार. आवाज हा तिथे दोष नाही, हजेरी आहे.

आता ही फट ठेवायचीच कशाला, हा काकांचा प्रश्न. मी बी.कॉम. झालेला बँकेतला कारकून आहे, मला हे काकांपेक्षा लवकर कळतं. बँकेचा व्यवहार उत्तम चालू असताना आम्ही बुडीत कर्जांसाठी तरतूद करतो. नवख्या भागधारकाला वाटतं, एवढे पैसे नुसते बाजूला पडलेत, आम्हाला वाटून टाका. पण तरतूद ही चांगल्या दिवसांत वाईट दिवसांसाठी करतात. टॅपेटची फट ही तरतूदच आहे. गाडी पूर्ण जोरात चढावर लागली, की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून लाल होतो. तापलेलं लोखंड लांबतं. लांबायला जागा ठेवली नसेल, तर वाढलेला व्हॉल्व्ह वरून रॉकरला टेकतो आणि खाली बैठकीवरून उचलला जातो. अगदी केसाएवढा, पण उचलला जातो.

आणि इथेच खरा घात आहे. व्हॉल्व्हला गार व्हायला दुसरी जागा नाही. त्याच्या अंगातली बहुतेक उष्णता तो बैठकीवर टेकलेला असताना, बैठकीतून हेडमध्ये जाते. या इंजिनाचे फेरे मिनिटाला ६००० झाले, की प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि ५० वेळा बसतो. त्या बसण्याच्या क्षणभरात जो विसावा मिळेल तेवढाच त्याचा. फट आवळून तुम्ही तो विसावाही काढून घेता. शिवाय न मिटलेल्या कडेतून प्रत्येक स्फोटाची आग पिचकारीसारखी बाहेर पडते. कडेला आधी एक रेघ पडते, मग खाच पडते, मग व्हॉल्व्ह जळतो. कॉम्प्रेशन गेलं, गाडी मिसिंग मारायला लागली, हेड उतरवा. आणि हे सगळं होत असताना टॅपेट कसा असतो? गप्प. अगदी गुणी. तोंडातून ब्र नाही.

माझं म्हणणं एका वाक्यात असं : सैल टॅपेट ओरडून सांगतो, घट्ट टॅपेट न सांगता मरतो. तेव्हा संशय घ्यायचाच, तर गप्प बसलेल्याचा घ्या.

आता समोरच्या पक्षाकडे वळू. त्यात तीन गट आहेत.

पहिला गट 'शेजारी काय म्हणतील'वाल्यांचा. यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण यांचं इंजिनाबद्दल काही मतच नसतं. यांचं मत शेजाऱ्यांबद्दल असतं. मी एवढंच म्हणेन, की जळलेल्या व्हॉल्व्हचं बिल शेजारी भरत नाहीत. नव्या फ्रिजबद्दल जे बोलतात तेही शेजारी, आणि हप्ते फेडतो तो आपण. हा न्याय इथेही लावावा.

दुसरा गट कानवाल्यांचा. हे लोक फिलर हातात धरणं कमीपणाचं मानतात. इंजिन चालू ठेवायचं, पाना रॉकरच्या नटावर चढवायचा, टकटक ऐकत नट आवळत जायचं, आवाज थांबला की 'बस्स, झाला सेट!' असं म्हणून चहा सांगायचा. या मंडळींच्या कानाबद्दल मला आदर आहे. पन्नास फुटांवरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. पण माझा एक साधा प्रश्न आहे. कानाला आवाज ऐकू येतो हे मान्य. जो आवाज नाही, तो ऐकू येतो का? शून्य फट आणि शून्याच्या खाली गेलेली फट, दोन्ही सारख्याच शांत. एकात व्हॉल्व्ह बसतो, दुसऱ्यात बसत नाही. कान ह्या दोघांत फरक कसा करणार? म्हणजे कानवाल्याला निम्माच रोग कळतो, आणि जो कळत नाही तोच जिवावरचा. आमच्याकडे कॅश नुसती बघून 'बरोबर वाटतेय' म्हणणारा कॅशियर एक दिवस टिकणार नाही. नोटा मोजाव्या लागतात. फटसुद्धा मोजावी लागते. त्यासाठी पोलादी पात्यांचा तो एक जुडगा, म्हणजे फिलर गेज, बाजारात मिळतो. हॉटेलातल्या चार माणसांच्या मिसळीच्या बिलात येईल.

तिसरा गट शिकलेल्यांचा. ते म्हणतात, "आजकालच्या गाड्यांना हे काही करावं लागत नाही." पुष्कळ गाड्यांच्या बाबतीत हे खरं आहे. हायड्रॉलिक टॅपेटमध्ये तेलाची उशी असते, ती फट आपली आपण भरून काढते. शांत चालतं, पाना लागत नाही. ऑफिसला जाणाऱ्या माणसाला हेच उत्तम, माझी तक्रार नाही. पण मग अमेरिकेतल्या एवढ्या मोठ्या कंपनीनं झेड-२८ मध्ये ते का घातले नाहीत? हायड्रॉलिक तिथे तेव्हाही होतेच की. कारण फेरे फार वाढले, की ती तेलाची उशी गरजेपेक्षा जास्त फुगते आणि व्हॉल्व्हला बैठकीवर नीट बसू देत नाही. म्हणून शर्यतीच्या जातीच्या इंजिनात मुद्दाम घन टॅपेट घातले. टकटकीसकट. जी वस्तू तिच्या कर्त्यांनी बोलणारी केली, तिला गप्प करून तुम्ही सुधारणा करत नाही. तुम्ही तिचं रूपांतर तिच्यापेक्षा वाईट वस्तूत करता.

याचा अर्थ फट हवी तितकी ठेवा असा नाही. मी टॅपेटचा वकील आहे, भक्त नव्हे. कॅमच्या उंचवट्याला चढायच्या आधी एक छोटासा उतार ठेवलेला असतो. रॉकरनं व्हॉल्व्हला त्या उतारावर हळूच गाठावं अशी योजना असते. फट जास्त झाली, की तो उतार चुकतो आणि रॉकर व्हॉल्व्हच्या डोक्यात हातोडीसारखा बसतो. व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, लवकर मिटतो, कमी उघडतो. मग टकटकीची खडखड होते, आणि ती खरंच रोगाची असते. तसंच, थर्टी-थर्टीला ०.०३० जरा जास्तच पडतात असं म्हणणारे जाणकार आहेत. ते कॅमच्या उताराचं आणि रॉकरच्या खऱ्या गुणोत्तराचं गणित मांडून तीन-चार हजारांश कमी ठेवतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही. गणित मांडून कमी करणं वेगळं आणि वहिनी दचकल्या म्हणून कमी करणं वेगळं. आकडा कदाचित तोच येईल, पण एकानं हिशेब केलेला असतो आणि दुसऱ्यानं खाडाखोड.

गरम आणि थंड हाही हिशेबाचाच भाग. लोखंडी ब्लॉक आणि लोखंडी हेड असेल, तर थंड आणि गरम फटीत दोन-एक हजारांशांचा फरक पडतो. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असेल, तर ते लोखंडापेक्षा जास्त फुगतं, फट गरम झाल्यावर वाढते, म्हणून थंड असताना ती साधारण सहा हजारांश कमी ठेवतात. तेव्हा 'किती?' विचारण्याआधी 'गरम की थंड?' विचारायचं. व्याजाचा दर महिन्याचा की वर्षाचा हे न विचारता कर्ज घेणारे लोक मी रोज पाहतो. त्यांचं पुढे काय होतं तेही पाहतो.

पण माझा सगळ्यात मोठा मुद्दा अजून राहिलाच आहे. फट नुसती ठेवायची नसते, लिहून ठेवायची असते. नुकतंच बांधलेलं इंजिन म्हणजे नवं खातं. पहिले काही दिवस त्यावर बारीक नजर लागते. हेडचं गॅस्केट दबतं, नवे भाग एकमेकांना ओळखायला लागतात, फटी बदलतात. म्हणून पहिल्या काहीशे मैलांनंतर पुन्हा मोजायचं. मावसभावाला मी एक वही करायला लावली. रकाने चार : तारीख, मैल, गरम की थंड, आणि सोळा व्हॉल्व्हचे सोळा आकडे. बँकेची माणसं दुसरं काय सांगणार!

या वहीतून इंजिन बोलतं. समजा, सोळापैकी पंधरा आकडे जागच्या जागी आहेत आणि एकच तिसाचा अडतीस झाला, पुढच्या वेळी सत्तेचाळीस झाला. म्हणजे तिथे कॅमचा उंचवटा किंवा टॅपेटचा तळवा झिजतोय. सपाट तळाच्या टॅपेटना हा धोका नवेपणी फार. म्हणून नवा कॅम घातल्यावर पहिल्यांदा इंजिन सुरू केलं, की ते वीस मिनिटं तरी २००० फेऱ्यांच्या वर ठेवतात, आयडलला सोडत नाहीत, म्हणजे खालून तेल नीट उडतं. तेलही जस्ताचा मसाला पुरेसा असलेलं लागतं, कारण नव्या गाड्यांच्या तेलात तो कमी केलेला असतो. आता, आवाज आला म्हणून ज्यानं न मोजता नट आवळला, त्यानं काय केलं? चोरी होत होती, त्यानं घंटेची वायर कापली. झिजलेल्या लोखंडाचा चुरा मग सगळ्या इंजिनात तीर्थयात्रा करतो.

उलट, एखादा आकडा तिसाचा चोवीस, चोवीसचा अठरा होत निघाला, तर व्हॉल्व्ह लांबतोय किंवा बैठक खचून तो वर सरकतोय. जुन्या काळी पेट्रोलमध्ये शिसं असे, त्याचा पातळ थर बैठकीला जपत असे. अमेरिकेत १९९६ पासून आणि आपल्याकडे २००० सालापासून रस्त्यावरच्या गाड्यांना ते पेट्रोल बंद झालं, आणि ते बरंच झालं. पण ज्या जुन्या हेडमध्ये कठीण पोलादी बैठका बसवलेल्या नाहीत, तिथे जोरात चालवल्यावर बैठक खचू शकते. आणि आता गंमत बघा. बैठक खचते तशी फट कमी होते. फट कमी होते तसा आवाज कमी होतो. इंजिन दिवसेंदिवस शांत होत जातं. घरातली माणसं म्हणतात, "बघा, किती छान चालायला लागलंय!" आणि आत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह शेवटच्या घटका मोजत असतो.

मोजायला वेळही फार लागत नाही. इंजिन गरम करायचं आणि बंद करायचं. एका सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडायला लागला, की त्याच सिलिंडरचा इनलेट मोजायचा. इनलेट पुरा उघडून मिटत आला, की त्याचा एक्झॉस्ट मोजायचा. त्या वेळी मोजायचा टॅपेट कॅमच्या गोल पाठीवर असतो, उंचवट्यावर नसतो. पात्याला हलकी ओढ लागली पाहिजे, पावावर लोणी फिरवताना सुरीला लागते तेवढी. आठ सिलिंडर, सोळा फटी. मध्येच इंजिन निवलं, तर पुन्हा गरम करायचं. मावसभावानं सगळे आकडे घेतले. चौदा बरोबर होते. दोन आकड्यांपैकी एक सैल निघाला, एक घट्ट. आणि पोहे खाणाऱ्या अकरा जणांना जी टकटक खुपली होती, ती त्या चौदा निर्दोषांची होती. घट्टाबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता, कारण तो बोलतच नव्हता.

तेव्हा कोणी जुनी मोटार हौसेनं बांधून तुमच्यापुढे सुरू केली, तर लगेच कान टवकारू नका. आधी 'वा' म्हणा, त्याला पैसे पडत नाहीत. मग विचारायचंच असेल, तर 'आवाज कसला?' असं विचारू नका, 'कधी मोजलं होतंस?' असं विचारा. आणि सहा महिन्यांनी तोच माणूस आनंदानं सांगत आला, की हल्ली आवाज अगदी बंद झालाय, तर पेढे मागू नका. वही मागा आणि फिलर मागा.